धावपट्टी ते धावपट्टी

राजमतीकाकूंनी व्रत घेतलं तेव्हा कराड आतच होतं. निदान त्यांच्या मनात तरी ते आतच होतं.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्या चातुर्मासात कवलापुरात एक जैन साध्वी, आर्यिका माताजी, उतरल्या होत्या. दुपारी बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, बायका जमायच्या, माताजी हळू आवाजात एकेक व्रत समजावून सांगायच्या. एके दिवशी दिग्व्रताचा विषय निघाला. चातुर्मासापुरतं दहाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याला कुंपण घालून घ्यायचं. कुंपणापलीकडच्या जिवांना आपल्या पायांपासून तेवढंच अभय. काकूंना हे फार पटलं. त्यांचा स्वभावच तसा. पाणी गाळूनच नव्हे, तर उकळून प्यायच्या, दिवेलागणीच्या आत जेवण उरकायच्या, आणि हे सगळं इतक्या गुपचूप करायच्या की शेजारणीला वाटावं, या बाईला भूकच कमी.

कोणी म्हणालं, हरिपूरच्या संगमापर्यंत जाईन. कोणी म्हणालं मिरजेपर्यंत, दुखणं काय सांगून येतंय? काकूंना मात्र कराड आत हवं होतं. चंदनबाला, त्यांची एकुलती एक लेक, कराडात दिली होती आणि तिला सातवा लागला होता. एसटीचे हिसके नकोत म्हणून डॉक्टरांनी माहेरी पाठवायला मनाई केली होती. म्हणजे आता जायचं ते काकूंनीच.

"आवं, कराड किती लांब पडतंय?" व्रत घ्यायच्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं.

तवनाप्पा हळदीचे व्यापारी. पण कराडला जाताना ते सांगलीच्या स्टँडवर डोळे मिटायचे ते कराडच्या स्टँडवर उघडायचे. त्यांनी प्रश्न तसाच पुढं ढकलला. "सयाजी, तू तिकडचाच. किती रं लांब?"

सयाजी सोप्यात भाकरी खात बसला होता. तो कराडजवळच्या एका फौजी घरातला. हवाई दलातून सुटून फवारणीचं विमान चालवायला लागला होता. उसावर पाकोळी कीड पडली होती, म्हणून ते पिवळं विमान कवलापूरच्या माळावरच्या धावपट्टीला येऊन राहिलं होतं आणि सयाजी तवनाप्पांच्या माडीवर. रोज सकाळी तो फवारणीला निघाला की काकू देवघरात पाकोळ्यांसाठी णमोकार मंत्र म्हणायच्या. सयाजी हसायचा, "काका उसाच्या बाजूनं, काकू पाकोळ्यांच्या. मी कुणाकडनं लढू?"

"कराड व्हय?" घास गिळून तो म्हणाला, "एक्केचाळीस मैल. पंचवीस मिनिटं."

पंचवीस मिनिटं ऐकून तरी तवनाप्पांच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण तेव्हा त्यांचं सगळं लक्ष आमटीत होतं. काकूंनी मैलांचे कोस केले, वर थोडी जागा ठेवली आणि दुपारी माताजींच्या समोर हात जोडून सांगितलं, "चारी अंगांना एकवीस कोस. मी जाईन त्या वाटेनं मोजून."

"आणि वर?" माताजींनी विचारलं.

बायका हसल्या. "वर कुठं जायचंय, माळवदावर पापड घालायला!"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला. वर्षातून एकदा त्या कुंडलच्या डोंगरावर गिरी पार्श्वनाथाच्या दर्शनाला जायच्या. याहून उंच त्या जन्मात कधी गेल्या नव्हत्या. "कुंडलच्या डोंगराइतकं," त्या म्हणाल्या. "आणि खाली आमच्या आडाच्या पाण्यापर्यंत."

झालं. दहाही दिशांना कुंपण पडलं.

भाद्रपद सरता सरता जावई पेढे घेऊन दारात उभा राहिला. सुकुमार बोलायला मोकळा गडी. "मामी, मुलगी झाली! मुलगी झाली म्हणून जिलेबी आणायची म्हणं, पण मला पेढेच आवडतात. दोघी खुशाल. बाराव्या दिवशी बारसं. चंदनानं सांगितलंय, आई नसंल तर पाळण्याला हात लावू देणार न्हाई."

काकूंनी पेढा देवापुढं ठेवला, मग नवऱ्याच्या हातावर ठेवला. डोळे पुसत म्हणाल्या, "येते की. लय लांब का हाय?"

"लांब म्हंजे काय विचारू नका! इस्लामपूर करा, पेठ करा, हिसके खावा. चार तास कंबर धरून बसलोय. बावन्न मैल हाय ते."

"किती?"

"बावन्न. रस्त्याच्या दगडांवर लिवलंय."

काकूंचा हात पेढ्याच्या पुड्यावर तसाच राहिला. बावन्न मैल म्हणजे सव्वीस कोस. कुंपण एकवीसला पडलेलं आणि लेक कुंपणाच्या पलीकडं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी जावयासाठी पुरणाची डाळ शिजत टाकली. पण तवनाप्पांना तेहतीस वर्षांच्या संसारात एवढं कळत होतं, की ही बाई रागावली तर बोलते आणि मोडून पडली तर पुरण घालते. ते मागोमाग आत गेले.

"अगं, सरळ रेघ मार. सरळ रेघेत एक्केचाळीसच भरतंय. पाखरू जाईल तसं मोजायचं."

"मी पाखरू हाय का? मी जाईन त्या वाटेनं, असं बोलले मी माताजींच्या म्होरं."

"मग इचार त्यास्नी, वाढवून देत्याल."

काकू गेल्या. माताजींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "क्षेत्र वाढवणं हाच या व्रताला लागणारा दोष, अतिचार, बाई. चूक मापाची झाली, व्रताची नाही. कुंपण हलवायचं नाही. कुंपणाच्या आत राहून पोचता आलं, तर खुशाल जा."

आत राहून कसं पोचणार? काकूंनी बाळंतविडा बांधायला घेतला. तो सुकुमारच्या हाती पाठवून द्यायचा, आपण दिवाळीपर्यंत थांबायचं, चातुर्मास संपला की जायचं. कुंची, टोपडं, अंगडी, डिंकाचे लाडू. एकेक वस्तू घडी करून ठेवत होत्या आणि प्रत्येक घडीला पदर डोळ्यांकडं जात होता.

संध्याकाळी सूर्य डोंगराला टेकायच्या आत जेवायला बसलेल्या सयाजीला हे सगळं कळलं. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हंजे माझ्यामुळं झालं हे!"

"तुझा काय दोष, बाळा?"

"माझाच की. मी हवेतलं अंतर सांगितलं. हितली धावपट्टी ते कराडची धावपट्टी. मला रस्ता कुठं ठावं हाय? मी रस्त्यानं गेलोयच कवा?" त्यानं ताट बाजूला सारलं. मग एकदम मांडीवर थाप मारली. "काकू! मग त्याच वाटेनं चला की!"

तवनाप्पांना ठसका लागला. "विमानात?"

"का? मागं एक माणूस बसतंय. मला आज ना उद्या कराडला जायाचंच हाय, तिकडं पण फवारणी सुरू व्हनार. धावपट्टी बघायची, शेतं बघायची, त्याच दिशी माघारी. बाराव्या दिवशीच जातो. वाट एक्केचाळीस मैलांची, तुमचं कुंपण बेचाळीसचं. बसतंय का न्हाई?"

काकूंच्या तोंडावर एकदम उजेड आला आणि तसाच मावळला. "वर जाईल की ते."

"इमान हाय काकू, वरच जानार."

"कुंडलच्या डोंगराच्या वर जायचं न्हाई मला."

सयाजी हसता हसता थांबला. थट्टा नाही, हे त्याला कळलं. "आमचे साहेब रोज वरडत्यात, सयाजी वर ऱ्हा, सयाजी वर ऱ्हा. तुमी पयल्याच, खाली ऱ्हा म्हननाऱ्या. ऱ्हातो की! उसाच्या शेंड्यावरनं जायाची सवयच हाय मला. कुंडलचा डोंगर उजव्या हाताला येतो. तुमीच बघा तो वर हाय का खाली."

"आणि टाकीत औषध नको."

"धुऊन, पुसून, कोरडी करून नेतो."

बाराव्या दिवशी सकाळी गावातली निम्मी माणसं माळावर जमली. काकू पूजा आटोपून, नऊवारी नेसून, फिरकीच्या तांब्यात उकळलेलं पाणी आणि बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. घरापासून धावपट्टीपर्यंत त्या चालत आल्या आणि ते अंतरही त्यांनी मनातल्या मनात धरलं. बायकांनी विमानाला हळदकुंकू लावलं. एकीनं विचारलं, "राजाक्का, भ्याव न्हाई वाटत?"

"वाटतंय की."

"कराड किती वेळ?"

"सयाजी म्हणतोय पंचवीस मिनिटं. माझ्या हिशेबानं दीड माळ जप."

सयाजीनं त्यांना मागच्या जागेवर बसवलं, पट्टा बांधला, गाठोडं मांडीवर दिलं. पुढचा पंखा फिरला आणि बोलणं बंद झालं. आवाज एवढा, की काकूंना स्वतःचा णमोकार ऐकू येईना. पण ओठ हलत होते आणि बोटं मण्यांवर चालली होती. विमान थरथरलं, खडखडलं, धावलं आणि अचानक सगळं मऊ झालं. काकूंनी डोळे उघडले तर खाली त्यांचंच गाव होतं. बस्तीचं शिखर दिसलं. माळवदावर वाळत घातलेली शेजारणीची लुगडी दिसली. "अगोबाई," त्या म्हणाल्या, "पापड कावळा नेतोय तिचे." पण हे कोणालाच ऐकू गेलं नाही.

सयाजीनं शब्द पाळला. ऊस इतक्या खालून सरकत होता, की पाटातलं पाणी चकाकताना दिसत होतं. बगळे उडाले. हळदीच्या रानात भांगलणाऱ्या बायका खुरपी उंचावून ओरडल्या. एका म्हाताऱ्यानं काठी उगारली, त्याची बैलं बुजली असावीत. काकूंनी त्याला वरूनच हात जोडून माफी मागितली. मग कृष्णा आली. कितीदा तिच्यात न्हाल्या होत्या, पण ती अशी वळसे घेत जाते हे त्यांना माहीतच नव्हतं. वाटेत आठवण झाल्यासारखी मागं वळून पाहत चाललेली बाई जशी.

पहिली माळ संपली तशी सयाजीनं उजवीकडं बोट केलं. कुंडलचा डोंगर! काकूंनी मान वर केली. वर केली, खाली नव्हे. डोंगराचा माथा त्यांच्या डोक्याच्या वर होता. पार्श्वनाथाच्या पायऱ्या त्या ज्या बाजूनं चढायच्या ती बाजू उन्हात न्हाऊन निघाली होती. त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात उन्हानं तापलेल्या खडकांवरून वाऱ्याचा एक झोत उठला आणि विमानानं लेकराच्या बॉलसारखी उसळी घेतली. दुसरं कोणी असतं तर देवाला हाक मारली असती. काकूंनी सयाजीचा शर्ट मागून धरला आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला, "खाली! सयाजी, खाली घे!"

विमान खाली आलं. काकूंनी डोंगराकडं पाहिलं. माथा अजून वरच होता. थोडासाच, पण वर. त्यांनी श्वास सोडला आणि दुसरी माळ हातात घेतली.

ती अर्धी व्हायच्या आत कराड आलं. समोरासमोर येऊन भेटणाऱ्या दोन नद्या दिसल्या, आगाशिवचा डोंगर दिसला, आणि कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली धावपट्टी पुढं धावत आली.

सुकुमार टांगा घेऊन उभा होता. तो टाळ्या पिटत पुढं आला. "मामी! वा! एसटीचं तिकीट न्हाई, धूळ न्हाई! चला, घरी समदी वाट बघत्यात. चाळीस बायका बोलावल्यात आईनं."

काकू खाली उतरल्या. टांग्याच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि त्या थांबल्या.

"पाव्हणं, घर किती लांब हितनं?"

"जवळच. हे असं गेलं की पूल, पूल झाला की गाव. दोन मैल असंल."

काकूंनी पाय खाली घेतला.

एक्केचाळीस मैल विमानाचे. घरापासून माळापर्यंतचा अर्धा. म्हणजे उरला अर्धा मैल. आणि पुढं दोन. सयाजीनं सांगितलं होतं ते धावपट्टी ते धावपट्टी. लेक काही धावपट्टीवर नांदत नव्हती.

"काय झालं, मामी?"

त्यांनी सांगितलं. सुकुमारनं डोक्याला हात लावला. सयाजी वैतागला. एवढं विमान रांगवत आणलं ते काय यासाठी? "काकू, दोन मैलांनी काय व्हतंय? हितवर आलाय!"

"दोन मैलांनी काय होत न्हाई असं वाटतं ना, म्हणूनच कुंपण घालून घ्यायचं असतं, बाळा." त्या नेहमीसारख्या हळू बोलल्या. "पाव्हणं, तुमी जावा. विहीणबाईस्नी म्हणावं, बारसं वेळेवर उरका, बायकांचा खोळंबा नको. हे गाठोडं न्या. आणि मग... सवड झाली तर पोरीला घडीभर हितं आणा. मी बसते."

टांगा गेला. धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर फडफडत होती, तिच्या बुडाशी काकू बसल्या. त्यांनी माळ काढली आणि पुन्हा ठेवून दिली. जप होईना. विहीणबाई रत्नव्वा करारी बाई. चाळीस बायका, रेशमी पाळणा, घरभर मांडामांड. ते सोडून कोण येतंय माळावर? आणि बारा दिवसांची ओली बाळंतीण कोण पाठवतंय? सयाजी शेतं बघायला जायचा होता, पण तोही विमानाच्या चाकाला टेकून बसून राहिला. त्याला काकूंना एकटं टाकवेना.

ऊन चढलं. काकू पुलाच्या बाजूला पाहत होत्या आणि पाहत नाही असं दाखवत होत्या.

"काकू," सयाजी एकदम उठला. "धुरळा."

एक टांगा. त्याच्यामागं दुसरा. मग तिसरा, मग एक बैलगाडी, गाडीत रेशमी लुगड्यांचा नुसता ढीग. पहिल्या टांग्याला चादरी लावून पडदा केला होता. त्याच्या पुढं बसलेल्या रत्नव्वा टांगा थांबायच्या आतच बोलायला लागल्या.

"विहीणबाई, शोभतं का हे? चाळीस पानं वाळत पडली माझी! ओली बाळंतीण वाऱ्यावर काढायला लावली! गावात काय सांगू, नातीचं बारसं कुठं केलं तर मोटारस्टँडावर न्हाई, इमानस्टँडावर!"

काकू उभ्या राहिल्या. "मी तर म्हटलं होतं, घरीच उरका."

"व्हय, म्हटलं होतं! तुमी हळू बोलून मोकळ्या. तुमची लेक पाळण्याला आडवी पडली माझ्या." रत्नव्वा खाली उतरल्या, पदर सावरला आणि आवाज थोडा खाली आणला. "आणि माझेबी नेम हायत म्हटलं. दुसऱ्याचं व्रत मोडायला लावून बुंदी खाईन, असली बाई न्हाई मी. बाजूला सरा. पाळणा कुठं बांधायचा?"

माळावर झाड नव्हतं. सयाजीनं डोकं खाजवलं. "पंखाखाली बांधा की. तो तिरका दांडा हाय न्हवं, तो मजबूत हाय."

विमानाच्या पंखाच्या दांड्याला लुगड्याची झोळी बांधली. कोणीतरी दांड्याला आंब्याचा टाळा लावला. चंदनबाला कानाला फडकं गुंडाळून टांग्यातून उतरली. तिनं आईकडं पाहिलं, विमानाकडं पाहिलं, आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "आई, आकाशातून आलीस आणि घरी येत न्हाईस व्हय गं?"

"तू आलीस की," काकू म्हणाल्या.

बाळ त्यांच्या हातात आलं. लालबुंद, मूठ आवळलेलं, जगाचा राग आल्यासारखं कपाळ. काकूंनी त्याला परत आलेल्या गाठोड्यातली कुंची घातली, टोपडं बांधलं. झोळीच्या वरून, खालून बाळाची देवाणघेवाण झाली. बायकांनी वाऱ्याशी भांडत पाळणा म्हटला. आत्यानं कानात नाव सांगितलं, त्रिशला. सगळ्यांनी ते मोठ्यानं घेतलं. बुंदीच्या पराती विमानाच्या सावलीत फिरल्या आणि सयाजीला तर दोनदा मिळाली, कारण रत्नव्वांनी त्याला विचारून घेतलं होतं की या यंत्रात विहिणीला नीट आणलंस ना, हिसके न्हाई ना दिलेस.

मग बायका पंगतीला बसल्या आणि काकूंना लेक एकटी सापडली. पंखाखाली चादर अंथरून त्या बसल्या. एका हातानं झोळीला झोका, दुसऱ्या हातानं लेकीला डिंकाचा लाडू. सात महिन्यांचं बोलणं साठलं होतं. चंदनबाला सांगत होती, काकू हूं म्हणत होत्या. बोलता बोलता तिचं डोकं आईच्या मांडीवर कधी आलं, आणि वाक्य मध्येच कधी तुटलं, ते दोघींनाही कळलं नाही.

सयाजी शेतं बघून आला. आभाळाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "काकू, आता निघाया..."

"गप रं!" रत्नव्वांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "दिसत न्हाई व्हय? लेकरं झोपल्यात दोन्ही."